भात निसवतं कधी? हिस्टोनच्या याद्यांना एक प्रश्न

वाशिंद, शहापूर, मुरबाडकडच्या श्रोत्यांना हळवं, निमगरवं, गरवं हे शब्द समजावून सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी सांगतो: लवकर, मधल्या वेळात आणि उशिरा तयार होणारं भात. उंचावरच्या खाचरात हळवं, पाणी टिकतं तिथे गरवं. भातातली हिस्टोन बदलणारी जनुकं हा आजचा विषय आम्ही याच शब्दांच्या बाजूने तपासणार आहोत.

डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचं एक रीळ, त्यावर १४७ च्या आसपास अक्षरजोड्या. काही एन्झाइम या हिस्टोनांवर मिथाइल किंवा अ‍ॅसिटिल गट चिकटवतात, काही ते काढून टाकतात. त्यावरून तिथलं जनुक वाचलं जाणार की मिटून राहणार, हे बरंचसं ठरतं. आणि ही एन्झाइम बनवणारीही जनुकंच.

२००५ साली भाताचा जनुकसंच वाचून जाहीर झाला. त्या आंतरराष्ट्रीय कामात भारतही होता. वाण मात्र जपानचं, निप्पोनबारे. मग याद्या सुरू झाल्या. साचा ठरलेला: संगणकावर सारखी दिसणारी जनुकं शोधायची, कुटुंबं पाडायची, मुळात, पानात, लोंबीत कोण किती चालू आहे ते मोजायचं आणि शेवटी 'वाढीत महत्त्वाची भूमिका' असं लिहून मोकळं व्हायचं. इथे आमचं पटत नाही. मांडवात दिसलेला प्रत्येक जण सोयरा नसतो. लोंबीत जनुक चालू दिसणं हा माग आहे, पुरावा नव्हे.

पुरावा जनुक बिघडवल्यावर मिळतो. २००८ मध्ये जेएमजे७०६ या जनुकाबाबत तो मिळाला. हिस्टोनवरचे मिथाइल काढणारं हे जनुक निकामी झालं, की भाताच्या फुलाचा आकार आणि त्यातल्या अवयवांची संख्याच बदलते. असं एक काम दहा याद्यांना भारी.

आमच्या दृष्टीने त्याहून मोलाचं काम २०१२ चं, एसडीजी७२४ वरचं. हे जनुक हिस्टोनवर मिथाइल चढवतं. ते बिघडलेलं भात उशिरा निसवतं, आणि संशोधकांनी दाखवलं की हा उशीर दिवसमानावर अवलंबून नाही. वाचताना हे वाक्य सहज निसटतं. पण शेतकऱ्याचं सगळं त्यातच आलं!

कारण 'उशीर' दोन प्रकारचा असतो. समजा पाऊस लांबला, आवणी पंधरा दिवस मागे गेली. दिवस लहान होण्याची वाट बघणारं वाण जवळपास आपल्या ठरल्या वेळीच निसवतं. वाढायला दिवस कमी मिळतात एवढंच. नुसते दिवस मोजणारं वाण मात्र आवणीबरोबर मागे सरकतं, आणि दाणा भरायच्या वेळी खाचर कोरडं पडू शकतं. लवकर आलेल्या हळव्याला उलट भीती: कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस.

म्हणून एखाद्या निबंधात 'हिस्टोन जनुक फुलोऱ्याचा काळ ठरवतं' असं आलं, की आम्ही तीन गोष्टी शोधतो: वाण कोणतं, दिवस किती तासांचा ठेवला होता, आणि रोपं कुंडीत होती की चिखलात. बऱ्याच याद्या पहिल्याच प्रश्नाला निप्पोनबारेवर थांबतात. गरव्याचं गरवेपण हिस्टोनच्या खुणांत किती आणि डीएनएच्या अक्षरांतच किती, हे त्या याद्यांवरून कळणार नाही. त्यासाठी गरव्याचंच रोप घ्यावं लागेल, दोन वेगळ्या तारखांना लावावं लागेल आणि निसवायच्या आधीच पानं तपासावी लागतील.