काश्तान्का परत का जाते?

‘काश्तान्का’ ही एका निष्ठावान कुत्रीची गोष्ट आहे, असं सांगणाऱ्यांनी ती घाईत वाचली असावी. अंतोन चेकॉव्हची ही कथा १८८७ साली आली. मी ती कॉन्स्टन्स गार्नेटच्या इंग्रजी अनुवादात वाचली.

लुका अलेक्सांद्रिच नावाचा सुतार आपल्या कुत्रीला घेऊन गिऱ्हाइकांकडे निघतो आणि वाटेत गुत्त्यांवर थांबत राहतो. रस्त्यावरून लष्करी बँड येतो, ती बिथरून पळते आणि चुकते. तिला एक विदूषक घरी नेतो. त्याच्याकडे हंस, बोका आणि डुकरीण आहे. तो तिला ‘मावशी’ या अर्थाचं नवं नाव देतो, पोटभर जेवू घालतो, कसरती शिकवतो. हंस मेल्यावर त्याच्या जागी तिला सर्कशीत उतरवतो. पहिल्याच खेळात वरच्या गॅलरीतून सुतार आणि त्याचा मुलगा फेद्युश्का तिला ओळखतात, जुन्या नावाने हाक मारतात. ती प्रेक्षकांमधून वाट काढत त्यांच्याकडे धावत सुटते.

काश्तान्का डॅक्सहुंड आणि गावठी कुत्र्याचा संकर आहे, हे चेकॉव्ह सुरुवातीलाच सांगतो. पुढच्या सात प्रकरणांत तो या संकरातून तिच्या वागण्याचं एकही कारण काढत नाही. ती बोक्याची कोंबडीची तंगडी चोरून कपाटामागे लपवते. अंधाराला कधीच न घाबरणारी ती हंस मरतो त्या रात्री धास्तावते. हा तिचा, एकटीचा स्वभाव आहे.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्या गुंड्याची आई लॅब्रॅडोर आणि बाप गल्लीतला. सोसायटीच्या लिफ्टमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘कोणत्या जातीचा?’ उत्तर मिळालं की लोक स्वभावाची वाटणी करून टाकतात : शांत बसला तर आईवर गेलाय, भुंकला तर बापावर. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला. १८,०००हून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि २,०००हून अधिक कुत्र्यांचे जनुकसंच त्यात तपासले होते. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक वंशावरून सांगता येतो, असं त्यातून दिसलं. चेकॉव्ह हे आकड्यांशिवाय जाणून होता.

आता मुख्य प्रश्न. पोट भरल्यावर काश्तान्का स्वतःच विचार करते : बरं कुठे, इथे की सुताराकडे? मी नोकरीत दिवसभर असेच तुलनेचे तक्ते करतो. विदूषकाच्या रकान्यात भरपूर जेवण आहे, लाथ नाही, हाडतूड नाही. सुताराच्या रकान्यात उपासमार आणि शिव्या आहेत. फेद्युश्का तर मांसाचा तुकडा दोरीला बांधून तिला गिळायला देतो आणि पोटातून परत ओढून काढतो. पण विदूषकाच्या घराला कसलाच वास नाही. सुताराचं घर सरस, रोगण आणि लाकडाच्या सालपटांच्या वासाने भरलेलं आहे. माझ्या तक्त्यात वासाला रकानाच नसता. काश्तान्कासाठी घर म्हणजे तोच.

म्हणून ती परत जाते. याला निष्ठा म्हटलं की आपली सोय होते, सुताराला आपोआप माफी मिळते. चेकॉव्ह ती देत नाही. घरी परतताना लुका पुन्हा प्यायलेला आहे आणि माणसापुढे तू किती हलकी, हे सुरुवातीचंच भाषण तिला पुन्हा ऐकवतो. म्हणजे घरात काही बदललेलं नाही. दोरी आणि मांसाचा तुकडाही पुन्हा येणार.

एक जागा मात्र मला खटकते. ती पळाल्यावर रिंगणात उरलेल्या विदूषकाकडे चेकॉव्ह वळूनही पाहत नाही. हंसाच्या मृत्यूने रडलेला हा माणूस दोन वाक्यांचा तरी हक्कदार होता. कथा काश्तान्काच्या नजरेतून आहे, हे त्याचं उत्तर असेल. मला ते पुरत नाही.

तरीही कथेने मला एक गोष्ट पक्की दिली. कुत्रं आपल्यावर जीव लावतं, हा आपण त्याला नीट सांभाळत असल्याचा पुरावा नाही. आमचे बाबा गुंड्याला चहात बुडवून बिस्किटं देतात. डॉक्टरांनी त्याचं वजन उतरवायला सांगितलंय. मी टोकलं की बाबा म्हणतात, ‘अरे, तो बघ कसा माझ्याच पायाशी येऊन बसतो.’ बसतो हे खरंच आहे. काश्तान्काही फेद्युश्काकडेच धावली होती.