मरणभय आणि श्रद्धा : बेर्नानोसची मठमाता

आपल्याकडे कोणी वारले की सांत्वनाला आलेली माणसे हलक्या आवाजात एक प्रश्न विचारतातच : 'शांतपणे गेले ना?' शांत मरण हे जणू श्रद्धेचे प्रशस्तिपत्रच; तळमळत गेलेल्याच्या घरच्यांना मग उगाचच ओशाळल्यासारखे होते. या समजुतीला जॉर्ज बेर्नानोस या फ्रेंच कॅथलिक लेखकाने 'कार्मेल भगिनींचे संवाद' या कृतीत मुळापासून हादरा दिला आहे.

कथेला इतिहासाचा आधार आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतपर्वात कॉम्पिएन येथील कार्मेल मठातील सोळा जणींचा १७ जुलै १७९४ रोजी पॅरिसमध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. (पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना संतपद दिले.) गेर्ट्रूड फॉन ल फोर या जर्मन लेखिकेने १९३१ साली या घटनेवर लघुकादंबरी लिहिली आणि तीत ब्लांश ही भित्री तरुणी कल्पनेने निर्माण केली. त्या कथेवरील चित्रपटासाठी बेर्नानोसने १९४७-४८ च्या हिवाळ्यात हे संवाद लिहिले. तेव्हा तो स्वतः मरणपंथाला लागलेला होता. जुलै १९४८ मध्ये तो वारला.

कृतीचा गाभा मात्र गिलोटिनपाशी नाही, वृद्ध मठमातेच्या मृत्युशय्येपाशी आहे. आयुष्यभर मरणाचे चिंतन केलेली ही व्रतस्थ स्त्री ऐन वेळी भीतीने गांगरून जाते. इतक्या वर्षांचे चिंतन आता कवडीचेही कामाचे नाही, असे ती बोलून दाखवते. तिचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मदर मारी खिडकी लावून घ्यायला सांगतात. तो बारीकसा तपशील मला फार बोलका वाटतो. अशा वेळी आपणही खिडकीच लावून घेतो!

पण बेर्नानोस तिला दोषी धरीत नाही. ब्लांश मठात येते ती ख्रिस्ताच्या प्राणांतिक वेदनेचे नाव धारण करून. आणि तेच नाव एके काळी मठमातेलाही हवे होते. म्हणजे तिचे भय श्रद्धेच्या कुंपणाबाहेरचे नाही, ते गेथसेमनी बागेतले आहे. तिथे तर प्रभू स्वतः व्याकूळ झाला होता.

पुढे कॉन्स्टन्स ही अल्लड नवशिकी एक तर्क करते : मठमातेला चुकून दुसऱ्याच कोणाचे मरण मिळाले असावे, जसा एखाद्याला दुसऱ्याचा अंगरखा मिळावा, ज्याचे ते मरण, त्याला आपल्या वेळी सारे सोपे जाईल. शेवटी ब्लांश निर्भयपणे वधस्तंभाकडे चालत जाते तेव्हा हा तर्क खरा ठरल्यासारखा वाटतो. इथे हिशेब जरा जास्तच नेटका जुळतो, अशी माझी तक्रार आहे. तो सुसह्य होतो एवढ्याचसाठी की, तो धर्मशास्त्र म्हणून मांडलेला नाही. एका हसऱ्या पोरीच्या तोंडी आला आहे.

मला अधिक पटतो तो मदर मारी यांचा शेवट. हौतात्म्याचा आग्रह त्यांचाच, धैर्यही त्यांचेच. पण अटकेच्या वेळी त्या मठाबाहेर असतात आणि जिवंत राहतात. कोणाला कोणते मरण, हे ठरवणे त्यांच्या हाती उरत नाही. प्रत्यक्ष इतिहासातही त्या १८३६ पर्यंत जगल्या, आणि त्या सोळा जणींची हकिगत आपल्यापर्यंत पोहोचली ती त्यांच्याच लेखणीतून.