खनिजाचा रंग की छेदाचा?

भूविज्ञानाच्या पुस्तकांत खडकाच्या पातळ छेदाचे रंगीत फोटो असतात. निळे, किरमिजी, पिवळे तुकडे आणि खाली एवढेच : ‘सूक्ष्मदर्शकाखाली ऑजाइट’. अशा फोटोंबद्दल आमची तक्रार आहे. विद्यार्थी पाठ करतो की ऑजाइट निळे असते. प्रत्यक्षात हातातले ऑजाइट काळे किंवा काळपट हिरवे. मग हा निळा आला कुठून?

ध्रुवण सूक्ष्मदर्शकात खालच्या ध्रुवकातून आलेला प्रकाश स्फटिकात शिरताना दोन किरणांत विभागतो. दोघांचा वेग वेगळा, म्हणून एक मागे पडतो. वर काटकोनात बसवलेला दुसरा ध्रुवक त्यांना एकत्र आणतो तेव्हा काही रंग कटतात, काही उरतात. किरण किती मागे पडणार हे खनिजावर तर ठरतेच, पण छेदाची जाडी आणि स्फटिक कोणत्या दिशेने कापला गेला यावरही ठरते. क्वार्ट्झ घ्या. नेहमीच्या 0.03 मिमी जाडीला ते करडे-पांढरे दिसते. घासणारा कंटाळला आणि छेद 0.05 मिमी राहिला, की तेच नारिंगीकडे झुकते. स्फटिकाच्या लांबीच्या अक्षाला काटकोनात कापलेला कण तर, मंच कितीही फिरवा, काळाच!

मॅकेन्झी व गिल्फोर्ड यांचा 1980 चा खडकांतील खनिजांचा अॅटलास आम्हाला आवडतो तो यासाठी. त्यात तोच भाग एका ध्रुवकाने आणि दोन ध्रुवकांनी असा जोडीने पाहता येतो. खनिजाचा स्वतःचा रंग कोणता, हे तिथे कळते. तरी छापील फोटो स्थिर. एका फेऱ्यात कण चार वेळा काळा होतो, आपल्या बेसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे जागा बदलतात, आणि ओळख पटवायला हेच कोन उपयोगी. ते कोणतेही पुस्तक दाखवू शकत नाही. पण जोडीतला भडक फोटो तेवढा छापायचा आणि ध्रुवक एक की दोन हेही सांगायचे नाही, याला सबब नाही.

शाळेत सूक्ष्मदर्शक नसला तरी हे दाखवता येते. पोलरॉइडचे दोन तुकडे काटकोनात धरा, मध्ये अभ्रकाचा तुकडा तिरका ठेवा आणि त्याचा एकेक पापुद्रा सोलत जा. प्रत्येक वेळी दिसणारा रंग मुलांना लिहून ठेवायला सांगा.