रसेल यांचे तीस रुग्ण: एका गाजलेल्या पेपरचं वाचन

बुलिमियावर काहीही वाचायला घेतलं की एक संदर्भ हमखास भेटतो: जेराल्ड रसेल, १९७९, 'सायकॉलॉजिकल मेडिसिन'. लंडनच्या या मानसोपचारतज्ज्ञांनी 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव रूढ केलं ते याच पेपरातून. संदर्भ सगळेच देतात, पेपर उघडणारे कमी. पण संशोधनाची तयारी करत असाल तर तो उघडाच.

आधी त्यातलं चांगलं. रसेल यांच्यासमोर तीस रुग्ण होते. अनावर ओढीने खूप खाणं, मग त्याची भरपाई म्हणून उलट्या किंवा जुलाबाची औषधं, आणि लठ्ठ होण्याची पराकोटीची भीती. हा 'मनावर ताबा नसण्याचा' प्रश्न आहे असं म्हणून ते मोकळे होत नाहीत. आजार स्वतःलाच कसा पोसतो हे ते मांडतात. वजन एका ठरावीक आकड्याखाली ठेवायचं म्हणून उपाशी राहायचं, उपासमारीने खाण्याची ओढ वाढते, खाऊन झालं की भीती, भीतीतून उलटी, आणि पुन्हा उपास. शरीरातलं पोटॅशियम घटण्याचा धोका आणि आत्महत्येची जोखीमही त्यांनी ठळकपणे नोंदवली. इतकं बारीक निरीक्षण आजच्या आकडेबाज पेपरांतही क्वचितच सापडतं.

आता शीर्षक बघा. रसेल बुलिमियाला अ‍ॅनोरेक्सियाचा 'भयसूचक प्रकार' म्हणतात. बरं होण्याची शक्यता साध्या अ‍ॅनोरेक्सियापेक्षा कमी, असंही सांगतात. इथे थांबून विचारायचं: हे तीस जण आले कुठून? ते एका तज्ज्ञाच्या दवाखान्यापर्यंत पोहोचलेले रुग्ण होते आणि बहुतेकांना आधी अ‍ॅनोरेक्सिया होऊन गेला होता. जे घरीच राहिले, ज्यांनी कुणाला सांगितलंच नाही, ते या तिसांत असणारच नाहीत. जास्त गंभीर आणि जास्त काळ आजारी असलेलेच डॉक्टरांना जास्त दिसतात. १९८४ मध्ये पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन यांनी याला 'क्लिनिशियनचा भ्रम' म्हटलं. रसेल यांनी जे पाहिलं ते खरंच होतं, पण ते आख्ख्या आजाराचं चित्र नव्हतं.

तीनच वर्षांत त्याचा पुरावा आला. फेअरबर्न आणि कूपर यांनी महिलांच्या एका लोकप्रिय मासिकातून आवाहन करून माहिती गोळा केली आणि १९८२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ४९९ स्त्रियांचा अभ्यास छापला. बहुतेकींचं वजन सर्वसाधारण होतं. मदत हवी असं अनेकींना वाटत होतं, पण उपचार घेणाऱ्या अगदी मोजक्या. सॅम्पल दुसऱ्या दारातून आत आलं आणि आजाराचा चेहराच बदलला! अर्थात हे दारही सरळ नाही. ते मासिक वाचणारी, आवाहनाला उत्तर देणारी तरुण स्त्री एवढीच इथे दिसते. पुरुष दिसायला जागाच नाही. रसेल यांच्या तिसांत निदान दोघे तरी होते.

फेअरबर्न यांनी पुढे याच आजारासाठी वर्तन-विचार उपचारपद्धती (सीबीटी) विकसित केली. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१७ ची मार्गदर्शिका प्रौढांना आधी तज्ज्ञाच्या आधाराने स्व-मदत सुचवते, ती पुरेशी पडली नाही तर खाण्याच्या विकारांसाठीची सीबीटी. यातून अनेक जण बरे होतात. म्हणून 'भयसूचक' हा शब्द आजही प्रस्तावनेत जसाच्या तसा चिकटवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. तो वाचणाऱ्यांत रुग्णही असतात. याचा अर्थ आजार किरकोळ आहे असं मात्र नाही. पोटॅशियम फार घटलं तर हृदयाची लय बिघडते, आणि तेव्हाही वजनकाटा 'नॉर्मल'च दाखवू शकतो.

हे वाचताना कुणाला वर्णन ओळखीचं वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाता येतं. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फॅमिली डॉक्टरांकडे गेलात तर नुसता 'थकवा येतो' असं सांगून परत येऊ नका, उलट्यांचं किंवा जुलाबाच्या गोळ्यांचं स्पष्ट सांगा. वजन ठीक दिसत असताना रक्तातलं पोटॅशियम तपासायला हवं हे त्यांना एरवी सुचणार नाही.