'धग'मधील बोली आणि माणसाची ओळख

अमरावतीचे लेखक उद्धव ज. शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. एका शिंप्याच्या घरातील कौतिकची दारिद्र्याशी झुंज, एवढ्यावरच तिची चर्चा बहुधा थांबते. परंतु माणूस जन्मतः कोणी नसतो, घर, गल्ली, जात आणि बोली त्याला 'कोणीतरी' बनवतात, हे सत्य या कादंबरीने ज्या सहजतेने दाखविले आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. समाजशास्त्र या घडणीला सामाजीकरण म्हणते. शेळके हा शब्द कोठेही न वापरता ती घडण उभी करतात.

बाईने संसार कसा रेटावा, नवऱ्याविषयी चारचौघांत काय बोलावे आणि काय गिळावे, हे कौतिकला कोणी पाटीवर शिकविलेले नाही. ते तिच्या अंगवळणी पडले आहे. नवरा महादेव कर्तृत्वहीन, म्हणून घराचा भार तिच्यावर येतो. तरीही त्याची बायको ही आपली ओळख ती टाकून देत नाही. मात्र मुलाने शिकावे, आपल्यासारखे जिणे त्याच्या वाट्याला येऊ नये, असे तिला वाटते तेव्हा त्याच घडणीविरुद्ध ती उभी राहते. समाजाने घडविलेली आणि त्या साच्यात न मावणारी अशी ही दुहेरी कौतिक शेळके यांचे खरे यश आहे. तिची झुंज यशाने संपत नाही, म्हणून ती व्यर्थ ठरत नाही.

एक गोष्ट मात्र विचारात घ्यायला हवी. 'धग'मधील माणसे 'मले', 'तुले' म्हणतात, डोळ्याला 'डोया' म्हणतात. निवेदन मात्र मुख्यतः प्रमाण मराठीच्या वळणाने जाते. काहींना हा दोष वाटेल. मला तो शिकलेल्या वऱ्हाडी माणसाच्या घडणीचा प्रामाणिक पुरावा वाटतो. आईशी एका भाषेत बोलावे आणि लिहिताना दुसरी धरावी, ही विभागणी शाळेने आपल्या सर्वांत रुजविली आहे. शेळके यांनी तरीही कौतिकच्या दुःखाला तिचीच बोली दिली. हसण्यासाठी राखून ठेवलेली बोली त्यांनी शोकांतिकेच्या योग्यतेची ठरविली.

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांनाही लागू आहे. द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेची वाट मोकळी केली. अमरावती धर्मप्रांताची स्थापना त्याआधी १९५५ साली झाली होती. आज आपण मिस्सा मराठीत ऐकतो, पण ती मराठी पुस्तकी आहे. घरी 'करून राह्यलो' म्हणणारे मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात तोंड मिटून बसते, तेव्हा प्रश्नोत्तरांबरोबर ते आणखी एक धडा शिकते: आपल्या घरची वाणी देवाच्या घरी चालत नाही. असा धडा कोणी मुद्दाम देत नाही, म्हणून तो अधिक खोल जातो.

वस्तुतः अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर ही म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची भूमी आहे. तेराव्या शतकात महानुभावांनी संस्कृत बाजूला ठेवून सामान्य स्त्रीपुरुषांच्या भाषेत धर्म सांगितला. ज्या मातीत मराठी गद्य आकाराला आले, तेथील लेकरांनी आपल्या बोलीची लाज बाळगावी, हे विपरीत आहे.

प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्राला लोकांनी त्याच्या बोलीवरून ओळखले. तो गालीली होता आणि प्रभूही नाझरेथचा. पेत्राने त्या रात्री प्रभूला नाकारले, परंतु पन्नासाव्या दिवशी त्याच पेत्राचा आवाज यरुशलेमेत खणखणीत उमटला आणि प्रत्येकाने शुभवर्तमान आपापल्या भाषेत ऐकले.

प्रमाण मराठी आपल्या मुलांना यायलाच हवी. अकोला-अमरावतीबाहेरचे जग तिच्यावाचून उघडत नाही. पण ती शिकण्याची किंमत म्हणून आईची बोली काढून घेऊ नये. यासाठी 'धग' घराघरांत वाचली जावी, आणि तीही मोठ्याने, मुलांसमोर.