रेड अलर्ट नावाचं काही नसतं

पावसाळ्यात नागपूरकरांच्या व्हॉट्सअॅपवर एक चित्र हमखास फिरतं. विदर्भाचा नकाशा, काही जिल्हे पिवळे, काही केशरी, आणि वर ठळक अक्षरांत ‘यलो अलर्ट’. हवामान खात्याच्या तक्त्यात मात्र या नावाची गोष्टच नाही. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळ्याला ‘वॉच’, केशरीला ‘अलर्ट’, लालला ‘वॉर्निंग’. अलर्ट एकच, तो केशरी. लाल रंगाचा अर्थ ‘रेड अलर्ट’ नव्हे, ‘टेक अॅक्शन’ आहे, अशी टीप खातं आपल्या इंग्रजी पत्रकांत देतं. तरी बातमीत ‘रेड अलर्ट जारी’च येतं.

शब्दांचा कीस वाटेल, पण इथे क्रियापदं हरवली आहेत. लक्ष ठेवा, तयारीत राहा, आता हला: तीन रंगांची तीन वेगळी कामं होती. सगळ्यांना ‘अलर्ट’ म्हटलं की उरतो फक्त रंग, आणि रंग आपण मार्कांसारखे वाचतो. पिवळा? मग काही होत नाही, चल धरमपेठेत.

‘अलर्ट’ मराठीत आधी पोलिसांकडून रुळला. स्फोटानंतर शहरात ‘हाय अलर्ट’ असायचा. मग बँकेचा एसएमएस अलर्ट आला, जॉब अलर्ट आला. खात्यातून दोनशे रुपये गेले तरी अलर्ट, तलाव फुगला तरी अलर्ट. आपत्तीचे संदेश पाठवायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, तिच्यात ‘अलर्ट’ हे नुसतं पाकिटाचं नाव आहे. किती तातडीचं, किती गंभीर, किती खात्रीचं, हे आतले वेगळे रकाने. आपण पाकीटच वाचून दाखवतो.

मराठी ‘इशारा’ वापरावा, तर त्याचीही धार गेली आहे. रोज कुणीतरी आंदोलनाचा इशारा देतं. ‘सतर्कतेचा इशारा’ तर त्याहून पोकळ. सतर्क राहून करायचं काय? माझ्या मते पिवळ्यासमोर ‘लक्ष ठेवा’, केशरीसमोर ‘तयार राहा’ आणि लालसमोर ‘सुरक्षित जागी जा’ एवढं छापलं तरी पुरे. नाम नकोच.

आणखी एक गोष्ट त्या चित्रात सहसा नसते: वेळ. खात्याच्या अंदाजातला दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. 23 सप्टेंबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतल्या घरांत पाणी शिरलं, मोरभवनात एसटी गाड्या बुडाल्या, माणसं दगावली. आपल्या लेखी ती शनिवारची पहाट होती. अंदाजाच्या हिशेबात ती शुक्रवारच्या, 22 तारखेच्या रकान्यात येते.