दवात बसणाऱ्याची घोंगडी

मार्गशीर्ष-पौषात निपाणीहून चिकोडीकडे जाताना शेतात मेंढरं बसवलेली दिसतात. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत कळप, बाहेर कुत्री आणि बांधाला पाठ लावून घोंगडीत बसलेला धनगर. त्याला लांडग्यासाठी रात्रभर जागायचं असतं, तेही फारसं न हलता. हिवाळ्यात एका जागी बसून राहणं हे चालण्यापेक्षा कितीतरी कठीण. पूर्वी शिकाऱ्यांना ते ठाऊक होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचा काळ सरला, पण दबा धरून बसणारे आजही आहेत. भीमगडच्या रानात पहाटे पाखरं पाहणारे आहेत, रानडुकरांपासून पीक राखायला माळ्यावर रात्र काढणारे शेतकरी आहेत. हलकं आणि ऊबदार असं काय घ्यावं, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

दुकानात त्याचं उत्तर पिसांचं जॅकेट असं मिळतं, आणि त्या जॅकेटचं कौतुक मी मनापासून करतो. हंसाच्या किंवा बदकाच्या छातीवरच्या मऊ पिसांना कणा नसतो, नुसते चहूबाजूंना फुललेले तंतू असतात. उत्तम प्रतीवर ८०० असा आकडा असतो. त्याचा अर्थ असा, की २८ ग्रॅम पिसं फुलून सुमारे १३ लिटर जागा व्यापतात. ऊब त्या जागेत अडकलेल्या हवेची असते, पिसं फक्त हवा धरून ठेवतात. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच बलूनच्या कापडात पिसं भरलेला कोट घालून गेला होता. कोरड्या, बोचऱ्या थंडीत इतक्या कमी वजनात इतकी ऊब देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

पण आपल्या सीमाभागाची थंडी तशी नाही. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या उसात पहाटे दव असं पडतं की पानं ठिबकू लागतात. पिसं भिजली की चिकटतात, हवा निघून जाते आणि ऊबही जाते. शेकोटीची ठिणगी पडली तर नायलॉनला भोक पडतं, बाभळीच्या काट्याने ते फाटतं. आणि हात जरा हलवला की ते सळसळतं. दबा धरणाऱ्याला तो आवाज परवडत नाही.

आता घोंगडी हातात घ्या. पहिल्यांदा जाणवतो तो खरखरीतपणा. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि बहुधा काळी असते. अंगाला टोचते म्हणून शहरातला माणूस ती बाजूला ठेवतो, पण तिचा गुण त्याच राठपणात आहे. जाड केस दबला तरी पुन्हा उभा राहतो, त्यामुळे बसल्या-बसल्या, टेकल्या-टेकल्या घोंगडी चपटी होत नाही आणि तिच्यातली हवा टिकते. लोकर हवेतली वाफ आत घेते, आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी, तरी हाताला ओली लागत नाही. उलट वाफ शोषताना थोडी ऊबच सोडते. दवाचे थेंब वरच्या केसांवर उभे राहतात. झटकले की गेले.

मग वीण पाहा. हाताने कातलेल्या सुताला चिंचोक्याची खळ लावून खड्डामागावर विणलेलं हे कापड उजेडासमोर धरलं की कुठे दाट, कुठे विरळ दिसतं. यंत्राच्या ब्लँकेटचा सारखेपणा त्यात नाही, आणि मला तो हवासाही वाटत नाही. काळा रंग मेंढीच्या अंगावरचाच, म्हणून धुतला तरी उतरत नाही. कडेला सुटलेल्या दशा असतात. शिवण नाही, बाही नाही, गुंडी नाही. डोक्यावरून खोळ केली की टोपी आणि कोट एकच. खाली अंथरली की बिछाना. कोकरू गुंडाळलं की त्याची झूल. रात्री ती काळोखात मिसळते आणि आवाज अजिबात करत नाही.

वजन मात्र आहे. दोन-अडीच किलोंची घोंगडी खांद्यावर घेऊन डोंगर चढणं सोपं नाही, आणि ती पुरती भिजली तर आणखी जड होते. अमेरिकेतला एडी बाऊअर मासेमारीहून परतताना भिजलेल्या लोकरी कोटात गारठून मरता-मरता वाचला, आणि पुढे शिवणीने कप्पे पाडलेल्या पिसांच्या जॅकेटचं पेटंट त्याने १९४० साली मिळवलं. त्याचा अनुभव खोटा नाही. मुसळधार पावसात किंवा बर्फात चालायचं असेल तर घोंगडीचा हट्ट धरू नये.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. राठ लोकरीला भाव उरला नाही, कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून कित्येक धनगर ती टाकून देतात. मांसासाठी दुसऱ्या जातींशी संकर होतो आणि दख्खनी मेंढीची काळी लोकर कमी होत चालली आहे. मागावर बसणारे हातही म्हातारे झाले आहेत.

म्हणून माझा निर्णय सांगतो. हिमालयात जायचं असेल तर पिसांचं जॅकेट घ्या. बेळगाव-निपाणीच्या दवात रात्र काढायची असेल तर विणणाऱ्याच्या दारात जाऊन घोंगडी घ्या. ओल्या फडक्याने घासून रंग उतरतो का पाहा. उतरला तर लोकर रंगवलेली आहे. मुठीत दाबून सोडा. चटकन उभी राहिली तर चांगली. आणि घरी आणल्यावर कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, वरचेवर उन्हात टाका.